अव्वाचं ‘हाय की’

लहानपणी मला दोन गोष्टी येत नव्हत्या. एक वाचायला, दुसरी बोलायला. पहिलीवर औषध नव्हतं आणि दुसरीवर ते नको होतं, तरी आमच्या घरच्यांनी दोन्हींवर मिळून मला साडेचार वर्षं साखरेच्या गोळ्या चारल्या. आज मी पंचवीस वर्षांची आहे. अप्पांचं हार्डवेअरचं दुकान निम्मंअधिक मीच बघते. हे जे तुम्ही वाचताय ते मी लिहीत नाही, फोनला सांगते. फोन लिहितो आणि मला परत वाचून दाखवतो. चुका राहिल्या असतील तर शिव्या फोनला द्या, माझ्या वाटच्या मी आधीच खाल्ल्यात.

आमचं दुकान कोल्हापुरात लक्ष्मीपुरीत आणि घर दुकानाच्या मागे. मूळचे आम्ही गडहिंग्लजकडचे, म्हणून घरात आईला अव्वा आणि वडिलांना अप्पा. अप्पा पुढे बसून फोन आणि बिलं सांभाळायचे, अव्वा आत फळ्यांवरून माल काढून द्यायची. दुकानाचा एक नियम होता. गिऱ्हाइकाला ‘न्हाय’ म्हणायचं नाही. माल असो नसो, ‘हाय की!’ म्हणायचं, पावण्याला बाकड्यावर बसवायचं, चहा सांगायचा आणि मागच्या दाराने जाऊन शेजारच्या दुकानातून ती वस्तू आणून त्याच्या हातात ठेवायची. अव्वा यात पटाईत. तिचं ‘हाय की’ रस्त्यापलीकडे ऐकू जायचं. तिच्याच पोटी मी, कुणी नाव विचारलं तरी पायाच्या अंगठ्याकडे बघणारी. “मूग गिळलीस काय गं?” असं आमच्याकडे आलेला प्रत्येक पाहुणा विचारायचा आणि आपण फार विनोदी बोललो असं समजून हसायचा.

वाचण्याचं असं होतं की ‘घर’ लिही म्हटलं की माझ्या हातून ‘धर’ व्हायचं आणि ‘भात’चा ‘मात’. सहा आणि नऊ यांची तोंडं कुणीकडे असतात हे मला आजही थांबून आठवावं लागतं. ओळीच्या शेवटाला पोचेपर्यंत तिची सुरुवात निसटलेली असायची. पण हातात बोल्ट दिला तर डोळे मिटून त्याची जाडी सांगायची, हा तीन सुती, हा चार सुती. कुणी धडा मोठ्याने वाचला की दोनदा ऐकून मला तो तोंडपाठ. शाळेला हे पटायचं नाही. पोरगी एकतर हुशार असते नाहीतर मठ्ठ, दोन्ही एकदम असली की शाळेची पंचाईत होते. मग शाळा तिला शेवटच्या बाकावर बसवते आणि विसरून जाते.

चौथीच्या बाई तेवढ्या विसरल्या नाहीत. त्यांनी एक चिठ्ठी लिहिली, आणि मला ती वाचता येणार नाही हे त्यांना माहीत असल्यामुळे आत काय लिहिलंय तेही सांगितलं. मुलीला वाचण्याची अडचण आहे, सरकारी दवाखान्यात नेऊन तपासून घ्या, प्रमाणपत्र मिळालं तर परीक्षेला जादा वेळ मिळेल, दहावीला लेखनिक मिळेल. “हे दहावीच्या आधी झालं पाहिजे,” त्या म्हणाल्या, “नाहीतर पोरी, तू तिथेच अडकशील.” मी नऊ वर्षांची होते, पण अडकणं म्हणजे काय ते मला बरोबर कळलं. आमच्या गल्लीत दहावीला अडकलेल्या मुलींची वर्षाच्या आत लग्नं होत होती.

चिठ्ठी मी अव्वाला दिली. तिने ती उलगडली, परत घडी घातली आणि संध्याकाळी अप्पांपुढे ठेवली. अप्पांनी चष्मा लावून दोनदा वाचली.

“सरकारी कागद एकदा झाला म्हंजे झाला,” ते म्हणाले. “उद्या सोयरीक जोडायला कोन यील? झाकली मूठ सव्वा लाखाची. कागदबिगद काय करायचा न्हाय.”

म्हणजे मला ‘घर’ लिहिता येत नव्हतं आणि अप्पांना काळजी होती मी कुणाच्या घरी जाणार याची. पुढे कितीतरी बापांच्या तोंडून मी हेच ऐकलं आणि दर वेळी मला तेवढाच संताप आला.

मग एक प्लंबर गिऱ्हाईक उपयोगी पडला. कळंब्याकडे एक होमिओपॅथीचे डॉक्टर आहेत, त्याच्या भाच्याचं तोतरेपण त्यांनी घालवलं, असं त्याने सांगितलं. “साइड इफेक्ट न्हाय बघा मालक,” तो म्हणाला, “आन कुटं कागद न्हाय, नोंद न्हाय.” पहिल्या वाक्याला अप्पांनी मान हलवली. दुसऱ्या वाक्याला ते उठून उभे राहिले. लोक होमिओपॅथीकडे का जातात याची मोठमोठी कारणं मी नंतर ऐकली. आमच्या घरचं कारण एवढंच होतं.

दवाखाना टायरच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर होता. डॉक्टरांच्या पाठीमागे काचेच्या कपाटात करंगळीएवढ्या बाटल्या ओळीने उभ्या. समोर रेघा मारलेली जाड वही. अव्वा खुर्चीच्या टोकावर बसली, मी तिच्याशेजारी, आणि डॉक्टरांनी विचारायला सुरुवात केली. मला नाही, तिला.

“तहान कशी आहे हिची?”

“लई हाय की.”

“जेवताना वरून मीठ घेते?”

“घेते की. चिमूट चिमूट घेतीच.”

“ढग गडगडले की घाबरते?”

“व्हय की! मधल्या खोलीत जाऊन बसती.”

“कुणी समजूत घातली की बरं वाटतं, का जास्त रडू येतं?”

इथे अव्वाने माझी वेणी उगाच सारखी केली. मग म्हणाली, “जास्त येतं की.”

“स्वप्नं पडतात?”

“पडत्यात की. शाळा दिसती. समद्या पोरी भराभरा लिवत्यात आन हिच्या पाटीवर काय उमटतच न्हाय.”

मी आ वासून ऐकत होते. ढगांना मी कधी भ्याले नव्हते, उलट गच्चीवर पळायचे. वरून मीठ मला आवडत नव्हतं. आणि पाटी? आमच्या वर्गात पाटी कुणाकडेच नव्हती, आम्ही वह्यांवर लिहायचो. मला वाटलं, अव्वा दुकानातल्यासारखंच करतेय. गिऱ्हाईक मागेल ते ‘हाय की’ म्हणून काढून देतेय. घरात नसलेली लक्षणं शेजारून आणून देतेय. डॉक्टरांचा चेहरा फुलत गेला. त्यांनी तीन पानं भरली आणि म्हणाले, इतकी स्वच्छ केस त्यांनी पुष्कळ वर्षांत पाहिली नव्हती. स्वच्छ तर असणारच. एवढं मनासारखं गिऱ्हाईक आणि एवढा मनासारखा दुकानदार एकमेकांना रोज कुठे भेटतात?

मला ते एकच वाक्य बोलले. “बाळ, जीभ दाखव.” मी दाखवली. त्या खोलीत साडेचार वर्षांत मी तोंड उघडलं ते एवढ्यासाठीच.

मग ते मदतनीस बाईंना म्हणाले, “ही पूर्ण पल्सेटिला.” म्हणजे त्या नावाच्या औषधाला शोभणारी मुलगी. पुढच्या वर्षी मी त्यांच्या हिशेबी बॅरायटा कार्ब झाले, त्याच्या पुढच्या वर्षी आणखी कुणीतरी. मुलीची एवढी नावं बदलली, पण तिला पानावर नेमकं काय दिसतं हे विचारायचं राहूनच गेलं.

गोळ्या साबुदाण्याएवढ्या. हात लावायचा नाही, टोपणात घेऊन थेट जिभेवर. औषध जितकं पाण्याने वाढवावं तितकं ते जालीम होतं, असं डॉक्टर समजावून सांगायचे आणि अप्पा मान डोलवायचे. हेच अप्पा डोळ्यांसमोर पिळलेलं दूध घ्यायला गंगावेशीत जायचे. गवळ्याने दुधात वाटीभर पाणी घातलं असतं तर त्याला पेठेत उभं राहू दिलं नसतं. इथे पाण्यात दूध दाखवायलाही नव्हतं, तरी जाताना डॉक्टरांच्या पायांना हात लावायचा.

पथ्य मात्र खरंखुरं होतं. कांदा बंद, लसूण बंद, हिंग बंद. कोल्हापुरात कांदा-लसूण बंद म्हणजे काय उरतं ते ज्याने भोगलंय त्यालाच कळेल. घरातले सगळे लसणाची चटणी आणि भाकरी खायचे आणि मी दही-भाकरी. जोतिबाला गेलो तेव्हा चुलत भावंडं डोंगरावर गरम भजी खात होती आणि मी केळ्याची साल सोलत उभी होते.

ह्या पथ्याचा उपयोग पुढे कळला. मार्क कमी पडले की डॉक्टर म्हणायचे, “छान. आधी वाढतं, मग कमी होतं. औषध लागू पडतंय.” दोन मार्क जास्त पडले तर औषध लागू पडलंच. आणि काहीच फरक पडला नाही तर ते वहीतून डोकं वर करून अव्वाला विचारायचे, “कांदा खाल्ला का हिने?”

“खाल्ला की,” अव्वा म्हणायची, कारण नाही म्हणणं तिला माहीतच नव्हतं. मग घरी येऊन मला अप्पांची बोलणी. काहीही झालं तरी गोळी बरोबर आणि मी चूक. दोन-तीन वर्षांनी माझंही तसं मत झालं. कुणाच्या तरी डब्यातला कांद्याचा तुकडा चुकून खाल्ला होता, म्हणून मला वाचता येत नाही, असं मी खरोखर मानत होते. ह्या एका गोष्टीसाठी मी त्या माणसाला कधी माफ करणार नाही. तो वाईट नव्हता, असं लोक म्हणतात. वाईट असता तर बरं झालं असतं, निदान ओळखता तरी आला असता.

तेव्हा आठवीपर्यंत कुणाला नापास करत नव्हते. मी पाचवीतून सहावीत गेले, सहावीतून सातवीत, सातवीतून आठवीत. ढकललं सरकारने आणि श्रेय घेतलं गोळ्यांनी.

आठवीच्या शेवटी डॉक्टरांनी आम्हाला एका कार्यक्रमाला बोलावलं. हॉलमध्ये जिल्ह्यातले होमिओपॅथ जमले होते आणि प्रत्येकजण आपली एकेक केस सांगत होता. आमच्या डॉक्टरांची केस मी. अप्पा दुकान सोडून आले नाहीत, अव्वा नवं इरकल नेसून पहिल्या रांगेत बसली. पुण्याकडचे एक पाहुणे डॉक्टर व्यासपीठावर होते. त्यांनी मला प्रेमाने विचारलं, “तू इथे कशी आलीस, बाळा?”

“रिक्षानं आलो,” मी म्हणाले.

पाहुण्यांनी चष्मा वर केला. मुलगी स्वतःबद्दल मुलासारखं बोलते, हे महत्त्वाचं मानसिक लक्षण आहे, याचा विचार व्हावा, असं त्यांनी माइकवरून सांगितलं. कोल्हापुरात सासवा-सुनासुद्धा ‘मी जातो’, ‘मी येतो’ म्हणतात. समोर बसलेल्या डॉक्टरीणबाई घरी तसंच बोलत असणार. पण एकीनेही तोंड उघडलं नाही. उलट चार जणींनी लिहून घेतलं.

मग आमच्या डॉक्टरांनी मराठीचं पुस्तक माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, “कुठलंही पान उघड आणि वाच.” मी उघडलं. पानावर भला मोठा उंट होता. मला पाठ होता मुंग्यांचा धडा. मी पुस्तक छातीपाशी धरलं, चित्र लोकांकडे राहील असं, आणि मुंग्यांचा धडा पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत म्हणून दाखवला. मध्ये श्वास घ्यायला थांबले तेव्हा पान उलटलं. दुसऱ्या पानावर उंटाचं पिल्लू होतं.

हॉलभर शिकलेली माणसं. प्रत्येकाच्या नावापुढे पदवी. एकालाही उंट दिसला नाही. टाळ्या मात्र अशा वाजल्या की मला माझाच राग आला. मी तेव्हा बोलायला हवं होतं, माइक तोंडापुढेच होता, आणि मी अंगठ्याकडे बघत उभी राहिले. पहिल्या रांगेत अव्वा पदराने डोळे पुसत होती. तिला खरंच वाटलं होतं की मी वाचलं. त्या गर्दीत फसलेली तेवढी एकटीच, बाकीच्यांना फसायला आवडत होतं.

दुसऱ्या दिवशी अप्पांनी दुकानात पेढे वाटले. दुपारी सात-आठ गिऱ्हाइकं उभी असताना त्यांनी मला आतून हाक मारली आणि पेपर माझ्यापुढे पसरला. “वाच की. पावण्यांना ऐकू दे.”

पेपर मला कुणी आधी वाचून दाखवलेला नव्हता. मी पहिल्या शब्दावर बोट ठेवलं. बोट ठेवलं आणि तिथेच उभी. कुणी खाकरलं, कुणी छताकडे बघायला लागलं. “वाच,” अप्पा म्हणाले. “अगं वाच!” तिसऱ्यांदा त्यांचा आवाज चढला तेव्हा फळ्यांच्या मागून अव्वा बाहेर आली. तिने पेपर उचलला, चार घड्या घातल्या आणि गिऱ्हाइकांदेखत अप्पांना म्हणाली, “उद्या तिला सरकारी दवाखान्यात न्हेतो मी.”

“कागद व्हईल,” अप्पा म्हणाले.

“हू दे. न्हाय, आता थांबायचं न्हाय.”

त्या दुकानात तिच्या तोंडून ‘न्हाय’ मी पहिल्यांदा ऐकलं. अप्पांनी पेढ्यांचा बॉक्स बंद केला.

दवाखान्यात खिडकीतल्या माणसाने एक फॉर्म दिला. पालकांनी भरायचा. अव्वाने तो घेतला, बाकावर बसली, पेन उघडलं. टोपण परत लावलं. मग म्हणाली, “चष्मा घरात राह्यला. तूच भर की.”

अव्वाला चष्मा नव्हता. कधीच नव्हता. मी तिच्याकडे बघितलं, तिने माझ्याकडे बघितलं नाही, आणि मला एकदम कळलं. बाईंची चिठ्ठी तिने का उलगडून तशीच मिटली होती. माल ती आतून का काढायची, पुढे बिलं करायला कधी का बसली नाही. उंट हॉलमधल्या लोकांनी बघितला नाही आणि तिने बघितला तरी उपयोग नव्हता, चित्राखालची अक्षरं उंटाची आहेत का मुंग्यांची हे ती ताडून बघणार कशी? फॉर्म मी एकेक अक्षर जुळवत भरला. एक तास लागला. तिचं नावच मी दोनदा चुकवलं.

आतल्या मॅडमनी अव्वाला बाहेर बसवलं आणि मला विचारलं, “पान समोर आलं की काय होतं, तू सांग बरं.” बस, एवढंच विचारलं. मूग गिळलेली मी अर्धा तास थांबले नाही. ‘घ’ आणि ‘ध’, सहा आणि नऊ, हरवणारी ओळ, मुंग्या, उंट, सगळं सांगितलं. त्या हसल्या नाहीत. मग त्यांनी चाचण्या घेतल्या आणि शेवटी अव्वाला आत बोलावून विचारलं, “घरात आणखी कुणाला असा त्रास आहे का?”

 अव्वाने पदर सारखा केला. मग हळूच म्हणाली, “हाय की. मला.”

तिला तिसरीतून काढलं होतं. डोक्यात शिरत नाही म्हणून. पाटी तिची होती. ढगांना तीच भ्यायची, गडगडलं की मधल्या खोलीत जाऊन बसायची, हे मी दर पावसाळ्यात बघत होते आणि तरी जोडलं नव्हतं. वरून मीठ तीच घ्यायची. समजूत घातली की जास्त रडू तिलाच यायचं. कांदाही तिनेच खाल्लेला असायचा. साडेचार वर्षं मी समजत होते की ती डॉक्टरला थापा मारतेय. ती एक शब्द खोटं बोलली नव्हती. फक्त माझ्या नावावर स्वतःचं सांगत होती.

मला प्रमाणपत्र मिळालं. जादा वेळ मिळाला, लेखनिक मिळाली, मी दहावी झाले, बारावी झाले. सोयरिकी अप्पांना वाटत होत्या तेवढ्या अडल्या नाहीत, त्या मी अडवल्या. अव्वाला त्या मॅडम म्हणाल्या होत्या, तुमचंही बघू या. “माजं आता काय बगायचं,” म्हणून ती उठली होती.

आणि ती अजून त्या डॉक्टरकडे जाते. स्वतःच्या नावावर, महिन्यातून एकदा. मी स्कूटरवरून कळंब्याला सोडते आणि खाली टायरच्या दुकानासमोर उभी राहते, वर जात नाही, गेले तर माझ्या तोंडून काय निघेल सांगता येत नाही. ती अर्ध्या तासाने डबी घेऊन उतरते आणि चेहरा असा की माहेरी जाऊन आली. मागच्या महिन्यात माझा संयम सुटला. भर रस्त्यात मी तिला म्हणाले, “अव्वा, साखर हाय गं ती. नुसती साखर. मग कशाला जातीस?”

“म्हाईत हाय मला,” ती म्हणाली, आणि माझ्या खांद्याचा आधार घेऊन मागे बसली. “पर त्यो इचारतो की गं.”

मी स्कूटर चालू केली. मला कुणी काही विचारलं नाही म्हणून मी सगळ्या जगावर दात धरून बसलेली. आणि ढगांना ती का भिते, हे मी तिला एकदाही विचारलं नव्हतं.